मधला घोडा

फुकटात काम करून देणाऱ्या मेव्हण्याला कुणी अडवत नाही, हा आपल्या कुटुंबव्यवस्थेतला मोठा दोष आहे. भाऊजींचं भंडाऱ्यात झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसला कंटाळून 2019 मध्ये त्यांनी मशीन माझ्या स्वाधीन केली आणि मी तिच्यावर लिनक्सची नवीकोरी डेबियन 10 चढवली. मशीन बिनतक्रार चालली. मी सुचवलेलं काही बिनतक्रार चालण्याची घरात कुणालाच सवय नव्हती, त्यामुळे माझा भाव वधारला. खरी गडबड तिथेच झाली.

30 जून 2024 ला डेबियन 10 ची सुरक्षा-मदत संपणार होती आणि 12 येऊन वर्ष झालं होतं. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची नावं देतात. 10 म्हणजे बस्टर, तो कुत्रा. 11 बुल्सआय, वूडीचा घोडा. 12 बुकवर्म, चष्मेवाली अळी. मधली आवृत्ती गाळू नका, असं डेबियनवाले दर वेळी बजावतात, कारण नव्या आवृत्तीवर जाण्याची वाट त्यांनी फक्त लगेच मागच्या आवृत्तीवरून तपासलेली असते. उबुंटूसुद्धा 20.04 वरून 22.04 वर नेते, तिथून 24.04 वर, थेट नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. पण नियम ठाऊक असणं वेगळं आणि तो आपल्यालाही लागू आहे असं वाटणं वेगळं. घोड्यासाठी आख्खी दुपार कोण घालवणार?

पॅकेज-भांडारांच्या पत्त्यांची फाईल उघडली आणि जिथे जिथे ‘बस्टर’ होतं तिथे ‘बुकवर्म’ केलं. पहिल्याच फटक्यात सुरक्षा-भांडाराचा पत्ता सापडेना. त्या पत्त्याची धाटणी 11 पासून बदलली होती. ते 11 च्या प्रकाशन-टिपणांत छापलेलं होतं आणि मी वाचली होती 12 ची, तीही जांभया देत. शहाण्यानं इथे थांबायचं असतं. मी ती ओळ बंद करून पुढे निघालो.

पॅकेजं धडाधड उतरू लागली. मग पडद्यावर पर्लची तक्रार आली: लिबक्रिप्ट नावाची फाईल सापडत नाही. 10 मध्ये ही फाईल लिबसी या मूळ पॅकेजातच नांदत होती. 11 मध्ये तिनं वेगळी चूल मांडली. माझ्या उडीत जुनं घर मोडलं होतं आणि नवं अजून बांधायचं होतं. पासवर्ड तपासायला हीच फाईल लागते, त्यामुळे सुडोही चालेना. तरी एक रूटची खिडकी उघडी होती, तिच्यातून सगळं सावरता आलं असतं. “जरा बंद करून चालू करू,” म्हणत ती मी स्वहस्ते मिटली.

बाहेर मृगाचा पाऊस आणि काउंटरवर शाळाप्रवेशाची, पीककर्जाच्या कागदांची रांग. ताईनं फक्त चहा ठेवला. काही बोलली नाही, हे जास्त लागलं. भाऊजींना समजेल अशा भाषेत सांगावं म्हणून मी म्हणालो, “भाऊजी, पऱ्हे टाकल्याशिवाय रोवणी होते का? मधली पायरी गाळली की असंच होतं.”

“काहून गा?” भाऊजी म्हणाले. “आवत्या नाई टाकत का लोकं? थोही धानच देते ना!”

आवत्या म्हणजे पऱ्ह्याविना थेट बियाणं फेकणं. धानाच्या जिल्ह्यात धानाचा दाखला देणाऱ्याचं हेच व्हायचं.

शेवटी माझ्या लॅपटॉपवर मोबाइलचं नेट घेऊन लिबक्रिप्टचं पॅकेज उतरवलं, मशीन पेनड्राइव्हवरून उठवली, पॅकेज फोडून ती फाईल हातानं जागेवर नेऊन ठेवली. पर्ल शुद्धीवर आलं आणि अडकलेला गाडा रात्री उशिरा पुढे सरकला. दुसऱ्या दिवशी वायफाय गायब. 12 पासून फर्मवेअरचा कप्पाच निराळा झालाय, ते 12 च्या टिपणांत होतं. जांभयांत निसटलेलं.

ऑगस्ट 2025 मध्ये 13 आली. या वेळी मधे गाळण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी उत्साहानं फोन केला.

“भाऊजी, बारा झाली, आता तेरा करायची.”

“नोको गा,” ते म्हणाले. “मशीन जित्ती हाय अजून, तेरवी काहून करतं?”