टी. गुरुजी, युनियनच्या नादी लागू नका!

प्रति,
टी. नवनियुक्त शिक्षण सेवक,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा,
चाकणच्या आसपास.

गुरुजी,


तुमच्या नावाआधी ‘टी.’ मी कौतुकाने लावलेलं नाही. मार्च २०२४ मध्ये सरकारने तसा निर्णय काढलाय. डॉक्टरला डॉ., वकिलाला ॲड., तसं शिक्षकाला टी. त्याच कागदात शिक्षकांनी जीन्स आणि टी-शर्ट घालून शाळेत येऊ नये असंही लिहिलंय. म्हणजे एक टी दिला आणि दुसरा काढून घेतला. हिशेब चोख आहे.

माझी ओळख करून देतो. मी तुमच्या तिसरीच्या वर्गातल्या एका पोराचा बाप. भोसरीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं लेथवर आहे, परमनंट, युनियनच्या कमिटीवर दोनदा निवडून आलेलो. थोरलीला इंग्रजी शाळेत घातलं होतं. तिथल्या फीने दोन करारांची पगारवाढ खाल्ली, म्हणून धाकटा तुमच्याकडे. खरं कारण हेच आहे, मराठीचं प्रेम वगैरे नंतर सुचलं.

गेल्या आठवड्यात पोरगं सांगत आलं की शाळेत काही माणसं पावतीपुस्तक घेऊन आली होती, नव्या सरांना सभासद व्हा म्हणत होती आणि सर गप्प बसून होते. तुमचं ते गप्प बसणं मला फार आवडलं. गुरुजी, असेच गप्प राहा. बावीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, युनियनच्या नादी लागू नका. तुम्हाला तिची गरजच नाही.

एक तर तुम्ही कामगारच नाही. हे मी म्हणत नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली सांगितलंय. गोव्यातल्या एका शाळेने एका बाईंना कामावरून काढलं, त्या औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागायला गेल्या. कोर्ट म्हणालं, शाळा हा उद्योग आहे, पण शिक्षक कामगार नाही. शिकवणं हे ना अंगमेहनतीचं काम, ना तांत्रिक, ना कारकुनी. ते एक व्रत आहे. आता बघा, कारखाना म्हणावा तर शाळा कारखाना आहे, आणि आत राबणारा माणूस मात्र व्रतस्थ! त्या वेळी कोर्टासमोर तुमचा मोबाईल नव्हता, नाहीतर ‘कारकुनी नाही’ हे शब्द लिहिताना न्यायमूर्तींचा पेन अडखळला असता. यू-डायस, सरल, आधार जुळवणी, अपार आयडी, खिचडीचा तांदूळ किती आला, शिजला किती, पोरांच्या आधी चव कोणी घेतली त्याची नोंदवही. माझा पोरगा म्हणतो, सर फळ्याकडे कमी आणि फोनकडे जास्त बघतात. मी त्याला दटावलं, म्हटलं, ते व्रत करतायत.

पुढे कायदे बदलले. नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता आली. त्यात कामगाराच्या व्याख्येत श्रमिक पत्रकार आवर्जून घातलेत, औषधं खपवणारे विक्री प्रतिनिधी घातलेत. तुम्ही नाही. बॅग घेऊन डॉक्टरच्या दारात ताटकळणारा कामगार, आणि दप्तर घेऊन मतदारांच्या दारात ताटकळणारे तुम्ही गुरुजी.

आता पैशाचं बोलू, जरी व्रतस्थाशी पैशाचं बोलणं बरं नव्हे. आमच्या पट्ट्यात ठेकेदारी आली, तेव्हा ट्रेनी नावाचा प्राणी आला. काम परमनंटचं, गणवेश परमनंटसारखा, फक्त पगार आणि हक्क तेवढे वेगळे. आम्हाला वाटलं ही कल्पना कुठल्यातरी मॅनेजमेंट कॉलेजातून निघाली असेल. नंतर कळलं, सरकारने २००० सालीच ती शाळेत राबवली होती. नाव किती गोड, शिक्षण सेवक! पहिली तीन वर्षं मानधन. प्राथमिकला सुरुवातीला महिना ३,००० रुपये, मग ६,०००. या सहा हजारांवर २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयानेच सरकारचे कान उपटले. तेव्हा कुठे जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० झाले. आमच्याकडे तीन-साडेतीन वर्षांनी वेतनकरार होतो, गेटवर फटाके वाजतात, पेढे वाटतात, पेपरात फोटो येतो. काही करारांत तर नुसती वाढच तुमच्या अख्ख्या मानधनाएवढी असते. तुमच्याकडे तीन वर्षांनी करार होत नाही, तीन वर्षांनी माणूस शिक्षक होतो. तोवर तो सेवक.

त्याच २०२३ सालच्या जुलैत सरकारने रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना तात्पुरतं बोलवायचं ठरवलं. त्यांना मानधन ठरलं २०,०००. वर पेन्शन चालू. म्हणजे शेजारच्या वर्गातल्या सत्तरीकडे झुकलेल्या गुरुजींना वीस, आणि टीईटी, टेट या परीक्षा पार करून, भरतीच्या पवित्र पोर्टलवर वर्षानुवर्षं डोळे लावून नोकरीला लागलेल्या तुम्हाला सोळा. वडीलधाऱ्यांचा मान ठेवावा, हे मूल्यशिक्षणच आहे.

आणि मान म्हणाल तर तुम्हाला काय कमी आहे? २०१६ च्या नोव्हेंबरात आदेश निघाला की दर सोमवारी पोरांचे दहा-दहाचे गट करून शिक्षकाने त्यांच्यासोबत सेल्फी काढावा. पुढे तो गुंडाळला, पण इच्छा चांगली होती. २०२२ मध्ये ‘आपले गुरुजी’ म्हणून शिक्षकांचे फोटो वर्गात लावायचे ठरलं. गुरुजी समोर उभे, भिंतीवरही गुरुजी. मग २०२४ ला टी. आमच्या कारखान्यात बावीस वर्षांत कोणी माझा फोटो लावला नाही. लागेल तो एकदाच, आणि त्याला हार असेल.

संपाचा तर विचारही मनात आणू नका. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या खटल्यात सांगितलं की सरकारी नोकरांना संपाचा मूलभूत हक्क नाही. आता महाराष्ट्रातल्या कर्मचाऱ्यांनी डिसेंबर १९७७ पासून चोपन्न दिवस संप केला होता, ही जुनी गोष्ट झाली. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर पुन्हा संप झाला, सात दिवस, त्यात तुमचे शिक्षक हजारोंनी होते, हीसुद्धा गोष्टच समजा. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर नोकरीला लागलेल्याला जुनी पेन्शन नाही. त्या दिवशी तुम्ही बालवाडीत असाल. बालवाडीतल्या पोराची पेन्शन गेली तरी ते रडत नाही, त्याला वेगळ्या कारणाने रडायचं असतं.

आम्ही मात्र फार हट्टी. १९८९ साली शनिवारवाड्यापुढे उपोषणाला बसलेले टेल्कोचे कामगार पोलिसांनी रातोरात उचलले, तरी या पट्ट्याची खोड गेली नाही. २०१३ ला बजाजच्या चाकण प्लांटमध्ये पन्नास दिवस काम बंद होतं. एक मागणी काय, तर प्रत्येकाला एक रुपयाने एक असे कंपनीचे ५०० शेअर द्या! शेअर मिळाले नाहीत. पण मागायची छाती बघा. तुमच्या संघटनांची निवेदनं मी पेपरात वाचतो. त्यात मागणी असते ती शाळेत शिकवू द्या, अशी.

हे वाचून मी खरंच थबकलो होतो, गुरुजी. जगात दुसरी कुठलीही युनियन ‘आम्हाला आमचं काम करू द्या’ म्हणून मोर्चा काढत असेल, असं वाटत नाही. आमच्यात असा मोर्चा निघाला तर मालक स्वतः पुढे चालेल.

आणि त्यासाठी मोर्चाही नको, कायदा आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं, एवढी सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम देता येत नाही. आता निवडणुकीत सगळं बसतं. मतदारयादी निवडणुकीची, ती घरोघरी तपासणारा बीएलओ निवडणुकीचा, म्हणून रविवारी दुपारी बाराच्या उन्हात मेदनकरवाडीच्या चाळीत ओडिशा-बिहारच्या भाडेकरूंची दारं ठोठावणारे तुम्ही. तुम्हाला मी पाहिलं. अर्धी दारं बंद होती, पोरं फर्स्ट शिफ्टला गेली होती. तुम्ही पायरीवर बसून पाणी पीत होता. हाक मारणार होतो, पण म्हटलं, व्रतात विघ्न नको.

रविवारवरून आठवलं. रविवारची सुट्टी इंग्रजांनी चर्चसाठी दिली, असं बरेच जण समजतात. गिरण्यांतल्या कामगाराला ती कोणी आपणहून दिली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातला माणूस. गिरणीत स्टोअरकीपर होता, ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र चालवायचा. १८८४ ला त्याने मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० ला गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. मूळ गाव आपल्या पुणे जिल्ह्यातलंच, कन्हेरसर. या माणसाने कामगारांसाठी मिळवलेला रविवार आज ज्या कामगाराची शिफ्ट नसते तो घरी झोपून घालवतो, आणि गुरुजी त्याच्या दारात फॉर्म घेऊन उभे असतात. कामगार नसण्याचे असेही फायदे.

आता त्या पावतीपुस्तकवाल्यांबद्दल. त्यांच्याविषयी मला गैरसमज पसरवायचा नाही, पण संघ वेगळा, समिती वेगळी, परिषद वेगळी, सेना वेगळी, भारती वेगळी. संघाचेही पुन्हा गट. एका शाळेत चार शिक्षक आणि पाच संघटनांची पाच कॅलेंडरं, असं चित्र मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे एक मान्यताप्राप्त युनियन टेबलावर बसते आणि करारावर सही करते. तुमच्याकडे करार नसतो, ‘निवेदन स्वीकारताना शिक्षणाधिकारी’ असा फोटो असतो. फोटोत सगळे हसत असतात, निवेदन कुठे जातं ते कोणी सांगत नाही. अधिवेशनाला विशेष रजा काढून गाड्या भरून जातात, मंत्री येतात, टाळ्या होतात. आणि पतसंस्थेची निवडणूक लागली की मग बघावी जिद्द. तेवढी जिद्द मानधनासाठी दिसली असती, तर सहा हजारांचे सोळा व्हायला इतकी वर्षं लागली नसती.

आमदार तरी आपला असेल म्हणाल, तर तेही बघून ठेवा. विधान परिषदेत शिक्षकांचे सात मतदारसंघ आहेत. पण राज्यघटनेच्या कलम १७१ प्रमाणे तिथे मत माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकाला. पहिली ते पाचवी शिकवणारे प्राथमिक शिक्षक त्यात नाहीत. घरोघरी फिरून मतदार नोंदवणारे तुम्ही, आणि शिक्षकांच्याच मतदारयादीत तुमचं नाव नाही. याच्यावर मी काही टोमणा मारू शकत नाही, घटनाकारांनी जागाच ठेवली नाही.

इतकं असून तुम्ही सभासद झालातच, तर एक फायदा मी कबूल करतो. आपल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा २०२५ साली जागतिक पुरस्कारापर्यंत पोचली, लोकांच्या मतांनी निवडली गेली. सगळ्यांनी फोटो काढले. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी आधीच्या गाजलेल्या शाळेत असताना निलंबन आणि चौकशी, दोन्ही पाहिलेलं आहे. चांगलं काम केलं म्हणजे नोटीस येत नाही, असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. कारखान्यात चार्जशीट आली की कामगाराच्या बाजूला चौकशीत कमिटीचा माणूस बसतो. मी स्वतः बसलोय, सतरा वेळा. त्यातल्या चौघांची चूकच होती, तरी बसलो. एकट्या माणसाचा आवाज चौकशीच्या खोलीत कसा बदलतो, ते मी ऐकलंय. घरी वाघ असणारा माणूस तिथे ‘होय साहेब’ शिवाय काही बोलत नाही.

म्हणून एवढं करा. पावतीवाले पुन्हा येतील, तेव्हा कॅलेंडर बाजूला ठेवून त्यांना विचारा: माझं सेवापुस्तक उघडलंय का आणि त्यात पहिली नोंद बरोबर आहे का, हे तुमच्यातलं कोण बघून देईल? तीन वर्षं पूर्ण झाल्यावर नियमित वेतनश्रेणीचा आदेश सहा महिने टेबलावर पडून राहिला तर कोण जाईल? कलम २७ बाहेरचं काम तोंडी सांगितलं तर लेखी आदेश मागायला माझ्यासोबत कोण उभं राहील? नोटीस आली तर रात्री दहाला फोन कोण उचलेल? जो नाव आणि नंबर लिहून देईल, त्याची पावती फाडा. आणि फाडल्यावर वर्षभर त्याच्या मागे लागा, सभेला जा, हिशेब मागा, निवडणुकीला उभे राहा. ज्येष्ठ मंडळी सध्या जरा मवाळ आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२५ च्या निकालाने, ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीय त्यांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचंय. तुमच्याकडे गाइड मागायला येतील. द्या, पण बदल्यात कमिटीवर एक जागा मागून घ्या.

आणि पुढच्या रविवारी आमच्या गल्लीत आलात, तर दार ठोठावा. मी सेकंड शिफ्टला असेन, दुपारपर्यंत घरी. चहा पिऊ.

आपला,
एक पालक,
मेदनकरवाडी

ता. क. : आमच्या बिल्ल्यावर नावाआधी काही नसतं. नावही नसतं, नुसता नंबर असतो. पगार मात्र सात तारखेच्या आत होतो.