यजमान कुटुंबाचे शास्त्र

परकी भाषा शिकण्यासाठी शाळकरी विद्यार्थ्याने परमुलखात जाऊन तेथील एखाद्या घरात, त्या घरचेच मूल असल्याप्रमाणे, काही आठवडे किंवा वर्षभर राहावे, या व्यवस्थेला भाषा-विनिमय म्हणतात. आणि ज्या घराने त्याला जेवू घालावे, अंथरूण द्यावे व त्याच्या व्याकरणाला हसू नये अशी अपेक्षा असते, त्या घराला यजमान कुटुंब अशी संज्ञा आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींच्या गाड्या हाकणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांच्या संस्थेने, म्हणजे आजच्या एएफएसने, 1947 मध्ये माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी असा उपक्रम सुरू केला आणि म्हणून या क्षेत्रातील जाणकार त्याचे श्रेय तिकडे देतात. या जाणकारांपैकी कोणी भाद्रपदात मालवण तालुक्यात आलेला दिसत नाही.

कारण हाच उपक्रम तेथे दर चतुर्थीला चालतो. त्यातील विद्यार्थी म्हणजे चाकरमान्याचे मूल. चाकरमानी म्हणजे पोटासाठी मुंबईला गेलेला, भाड्याच्या खोलीतून मालकीच्या फ्लॅटपर्यंत पोचलेला, परंतु गावच्या घराच्या वाटणीवरचा हक्क न सोडलेला कोकणी माणूस. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण झाल्यापासून हा विद्यार्थी कुडाळला उतरतो, कारण मालवणला रेल्वे नाही, आणि पुढे एसटीने किंवा रिक्षाने यजमान कुटुंबाच्या खळ्यात दाखल होतो. खळे म्हणजे घरापुढचे सारवलेले अंगण; प्रवेश परीक्षा तेथेच होते. पडवीतून आजी विचारते, ‘इलंस? काय खातलंस?’ आणि नववीत शिकणारा, जर्मनच्या शिकवणीला जाणारा नातू आईकडे बघतो. आई भाषांतर करते. घावणे पुढे आल्यावर ‘नाइस’ एवढे उत्तर मिळते, ज्यावर चुलत भावंडे मनसोक्त हसतात. युरोपीय पद्धतीत यजमानाने हसणे निषिद्ध आहे, मालवणी पद्धतीत मात्र सारे अध्यापन त्यावरच चालते, आणि निकाल पाहता दुसरी पद्धत अधिक परिणामकारक मानावी लागेल, कारण तिसऱ्या दिवशी तोच नातू वहाळात पाय घालून ‘माका नको, तुका व्हया तर घे’ असे निर्दोष वाक्य बोलताना आढळतो.

युरोपात भाषाज्ञानाच्या ए-1 ते सी-2 अशा सहा पायऱ्या ठरलेल्या आहेत. मालवणीच्या पहिल्या पायरीची तोंडी परीक्षा गाऱ्हाण्यात होते. गाऱ्हाणे म्हणजे घरातील वडीलधाऱ्याने नारळ घेऊन देवापुढे उभे राहून, कोणाच्या नोकरीचे, कोणाच्या लग्नाचे, कोणाच्या पिढीजात बांधाच्या भांडणाचे, असे सर्व विषय मालवणीत सविस्तर मांडणे. प्रत्येक विषयाअखेर उपस्थितांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे असते. विद्यार्थ्याला एवढे दोनच शब्द येणे पुरते आणि योग्य जागी ते उच्चारल्यास तो उत्तीर्ण समजला जातो. (विधिमंडळाच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल.)

या उपक्रमाचा खरा शत्रू विद्यार्थ्याचा बापच असतो, हे येथे नोंदवले पाहिजे. कुडाळ स्थानक ओलांडताच त्याच्या तोंडून आपोआप ‘आमी येतंव’ निघते, भावाशी तो मध्यरात्रीपर्यंत मालवणीत गजाली करतो, परंतु मुलाने ‘खंय’ म्हटले की ‘कुठे म्हण’ अशी दुरुस्ती तत्काळ करतो. हाच बाप मुंबईला परतल्यावर मॅक्समुल्लर भवनाची फी भरतो आणि मुलाला जर्मनीतील एका घरात तीन आठवडे ठेवण्याची चौकशी करतो, कारण पुस्तकी भाषा वेगळी, घरातली वेगळी, हे त्याला पटलेले असते. घर मात्र व्हिसा लागणाऱ्या देशातले हवे.

मालवणीबद्दलचा हा संकोच एकट्या बापाचा नाही. शाळा तिला मराठीची बोली म्हणून बाहेर ठेवते, जनगणना तिला कोकणीच्या पोटात घालते, आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यावर पेढे वाटणाऱ्यांतील कित्येकांच्या घरी मुलांना हीच बोली बोलायला बंदी होती. नाटकात तिला परवानगी आहे. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ मच्छिंद्र कांबळींनी 5 हजारांहून अधिक वेळा रंगवले, ते लंडनलाही जाऊन आले, आणि तेथे टाळ्या पडल्या तेव्हा मालवणी ही भाषा असल्याचे काही काळ मान्य झाले. हसण्यासाठी तिकीट काढायचे, बोलण्यासाठी नाही, असा हा तोडगा आहे.

ज्यांना सरकारी शिक्क्याचाच विनिमय हवा त्यांच्यासाठी तोही जिल्ह्यात आहे. सावंतवाडी तालुक्यातील सांगेली येथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. 1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून आलेल्या या शाळांत किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात, आणि नववीतील सुमारे 30 टक्के विद्यार्थी हिंदी भाषक व अहिंदी भाषक प्रदेशांतील शाळांमध्ये वर्षभरासाठी अदलाबदलीने जावेत अशी योजना आहे. शेतकऱ्याची, मच्छीमाराची मुले परप्रांतात वर्ष काढून नवी भाषा बोलत परततात, आणि त्याचा फोटो कोणत्याही सोसायटीच्या गटावर येत नाही, कारण पार्श्वभूमीला बर्फ नसतो.

तेव्हा इच्छुक पालकांनी पुढील नियमांची नोंद घ्यावी. चतुर्थीच्या उपक्रमाला फी नाही, व्हिसा नाही, प्रमाणपत्रही नाही. परतताना सोले आणि नारळ यांचे ओझे सक्तीचे आहे. यजमान कुटुंबातील मुख्य अध्यापिका आता थकत चालल्या आहेत आणि त्यांच्या जागी नवीन नेमणूक होण्याची शक्यता नाही. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी सुरू होते आणि गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात, म्हणून अर्ज वेळेत करावा, आणि निदान त्या आठवड्यात मुलाची मालवणी दुरुस्त करू नये.