खेळ सुधारणारा गृहस्थ

खेळ सुधारणारा गृहस्थ हा हौशी खेळाडूंमधला स्वतंत्र वर्ग आहे. नुसता खेळणारा माणूस खेळतो, हरतो, चहा पितो आणि घरी जातो. हा हरल्यावर घरी जात नाही. आपण का हरलो हे समजावून सांगायला थांबतो. मुंबई-पुण्यात तो गोल्फच्या हिरवळीवर सापडतो, रत्नागिरीत कॅरम बोर्डाभोवती. वय चाळीस ते साठ, नोकरी कायम स्वरूपाची, उजव्या हाताच्या तर्जनीचे नख काळजीपूर्वक वाढवलेले किंवा त्याहून काळजीपूर्वक कापलेले. नख वाढवावे की कापावे यावर त्याची मते ठाम असतात आणि दर दोन वर्षांनी बदलतात.

रत्नागिरीत या वर्गाची वाढ जोमाने व्हावी याला हवामान कारण आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मैदानांचा चिखल होतो, मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला जायचे तर छत्री उलटी होते, आणि संध्याकाळी सहानंतर माणसाला करण्यासारखे जे काही उरते ते घराच्या पडवीत किंवा मंडळाच्या खोलीतच करावे लागते. कॅरमला छप्पर, दिवा आणि चार माणसे पुरतात. खेळणारे चार, सल्लागार वेगळे.

याच शहरात खरे कॅरमही आहे, आणि या गृहस्थाची सगळ्यात मोठी अडचण तीच. रियाझ अकबर अली, आकांक्षा कदम ही रत्नागिरीची नावे राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांच्या बातम्यांत झळकलेली आहेत. पुण्याच्या गोल्फवाल्याला टायगर वुड्सचे उदाहरण दिले तर तो अमेरिकेतल्या सोयींकडे बोट दाखवून मोकळा होतो. रत्नागिरीच्या कॅरमवाल्याला ती वाट बंद आहे. तोच पाऊस, तीच दमट हवा, तीच वीज जाण्याची वेळ, आणि तरीही शेजारच्या आळीतले पोर राज्य स्पर्धा खेळून येते. सबबी मग अधिक बारकाईने शोधाव्या लागतात. त्या कामात मात्र त्याची प्रगती निर्विवाद आहे.

सुधारणेची सुरुवात सामानापासून होते. नियमाप्रमाणे बोर्डाचा खेळण्याचा पृष्ठभाग 74 सेंटीमीटर चौरस, स्ट्रायकर 15 ग्रॅमपेक्षा जड नको आणि 4.13 सेंटीमीटरपेक्षा रुंद नको. सोंगटी पाच ते साडेपाच ग्रॅमची. हे आकडे पाठ झाल्यावर तो आपला स्ट्रायकर ओळखीच्या सराफाकडे नेऊन काट्यावर ठेवतो. वजन 14.6 ग्रॅम भरते. गेल्या पाच वर्षांतले सगळे पराभव त्या चार दशांश ग्रॅमच्या खात्यावर टाकले जातात आणि नवा स्ट्रायकर येतो. त्याच्या मागोमाग आणखी एक, ‘ओल्या हवेसाठी’. मग एक जरा घसरणारा, एक जरा अडणारा, एक कोल्हापूरहून कुणीतरी आणलेला. गोल्फमध्ये पिशवीत जास्तीत जास्त 14 क्लब ठेवता येतात, म्हणजे तिथे वेडाला निदान नियमाने बांध घातला आहे. इथे चष्म्याच्या जुन्या घरात सहा स्ट्रायकर सहज मावतात आणि चष्मा टेबलावर उघडा पडतो.

त्यानंतर बोर्ड. चांगल्या बोर्डाची एक अधिकृत कसोटी आहे: पूर्ण जोराने मारलेला 15 ग्रॅमचा स्ट्रायकर समोरच्या चौकटीवर आपटून मागेपुढे निदान साडेतीन फेऱ्या गेला पाहिजे. मे महिन्यात जो बोर्ड चार फेऱ्या देतो तोच जुलैत अडीचवर दम टाकतो. प्लायवूड ओल धरते, बोरिक पावडरीचे खडे होतात, सोंगट्या पृष्ठभागाला चिकटल्यागत चालतात. हे सगळे खरे आहे, आणि त्यावर उपायही आहे. बोर्ड खेळ संपल्यावर कोरड्या फडक्याने पुसावा, भिंतीला टेकून उभा न ठेवता आडवा ठेवावा, पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून चिमटीने टाकावी. आपला गृहस्थ पावडर मुठीने टाकतो. मग सोंगट्या पावडरीच्या ढिगात अडतात आणि तो म्हणतो, “बोर्ड आज स्लो आहे हो.” पूर्वी बोर्डावर लोंबणारा शंभर वॉटचा पिवळा बल्ब पृष्ठभाग जरा शेकून ठेवत असे, एलईडी आल्यापासून ती ऊब गेली आणि आपला खेळही त्याच सुमाराला घसरला, असा त्याचा सिद्धान्त आहे. त्याच्याबरोबर खेळणारे लोक घसरणीची तारीख बरीच आधीची सांगतात. बोर्ड एका बाजूला कलला आहे का हे पाहायला तो गवंड्याची पाणसळही आणतो. नाचता येईना तेव्हा अंगण वाकडे असते एवढेच जुन्या माणसांना ठाऊक होते. ते किती वाकडे, हे मोजण्याचे श्रेय याचे.

सामान संपले की शास्त्र सुरू होते. इथे त्याच्याकडे खरोखर ऐकण्यासारखे असते. स्ट्रायकर सोंगटीच्या जवळजवळ तिप्पट जड. तो सोंगटीवर सरळ, बरोबर मध्यावर बसला तर हिशेबाने सोंगटी त्याच्या दीडपट वेगाने पुढे जाते आणि स्ट्रायकर थांबत नाही. आपल्या निम्म्या वेगाने तिच्याच मागे जातो. बिलियर्ड्समध्ये चेंडू सारख्या वजनाचे असल्याने मारणारा चेंडू जवळजवळ जागीच थांबू शकतो. कॅरममध्ये तसे होत नाही. म्हणून पॉकेटच्या तोंडाशी असलेली सोंगटी सरळ रेषेत जोराने मारली की सोंगटी आत जाते आणि पाठोपाठ स्ट्रायकरही जातो. मग फाऊल, आणि दंडाची सोंगटी परत बोर्डावर. उपाय दोन: फटका हलका ठेवणे, किंवा सोंगटीला थोड्या बाजूने, कट देऊन मारणे, म्हणजे स्ट्रायकर दुसऱ्या दिशेला निघून जातो. हे तो समोरच्याला पेन्सिलीने कागदावर आकृती काढून पटवतो, पटल्याची खात्री करून घेतो, बोर्डाकडे वळतो आणि सोंगटीच्या मागोमाग स्ट्रायकर पॉकेटमध्ये घालतो. मेंदूला पटलेली गोष्ट बोटापर्यंत पोचायला काही वर्षे लागतात. मधल्या काळात आकृत्या सुबक होत जातात.

सरावाबद्दल तो नेहमी बोलतो आणि कधी कधी करतोही. रात्री जेवणानंतर बोर्ड मांडून एकटा बसतो. पण त्या तासाभरात काय चालते हे पाहिले तर त्याच्या खेळाचे सारे कोडे उलगडते. उजव्या कोपऱ्यातली, पॉकेटपासून चार बोटांवरची सोंगटी त्याला उत्तम काढता येते. तीच तो पुन्हा पुन्हा मांडतो आणि पुन्हा पुन्हा काढतो. प्रत्येक वेळी समाधानाचा एक बारीक हुंकार येतो. जे येत नाही ते अपमानास्पद असते, आणि दिवसभर कचेरीत काम केलेल्या माणसाने रात्री स्वतःच्या घरात स्वतःचा अपमान करून घ्यावा ही अपेक्षा जास्तच आहे. स्वतःच्या बेसलाइनमागे पडलेली सोंगटी अंगठ्याने काढायचा सराव त्यामुळे होत नाही. डाव्या टोकाच्या गोलावर स्ट्रायकर ठेवून मारणे होत नाही. ब्रेकचा सराव तर नाहीच, कारण एकोणीस सोंगट्या दर वेळी परत वर्तुळात रचायच्या म्हणजे कंटाळा. वास्तविक हौशी आणि खऱ्या खेळाडूतले अंतर ब्रेकपासूनच सुरू होते. मुरलेला खेळाडू पहिल्याच फटक्यात सोंगट्या अशा उघडतो की आपल्या दोन-चार पॉकेटांजवळ सरकतात, आणि दिवस चांगला असेल तर नऊच्या नऊ पांढऱ्या आणि राणी एकाच पाळीत संपवून व्हाइट स्लॅम करतो. आपला गृहस्थ ब्रेक जोरात मारतो. आवाज चांगला येतो.

आणखी एक गोष्ट त्याच्या सरावात नसते, ती म्हणजे पुढचा फटका. सोंगटी काढणे हे निम्मे काम. काढल्यावर स्ट्रायकर आणि बाकीच्या सोंगट्या कुठे थांबतात हे उरलेले निम्मे. चांगले खेळाडू तीन सोंगट्या पुढे बघतात, आपली सोंगटी निघणार नसेल तर समोरच्याची वाट तरी अडवून ठेवतात. आपला गृहस्थ अवघड कट मारून सोंगटी काढतो, भोवतालच्यांकडे पाहतो, आणि तेवढ्यात प्रतिस्पर्ध्याच्या तीन काळ्या सोंगट्या तीन पॉकेटांच्या तोंडाशी आणून ठेवलेल्या असतात. हरलेल्या बोर्डातला तो एक कट मात्र तो महिनाभर सांगतो.

राणीच्या बाबतीत त्याचा स्वभाव उघडा पडतो. राणीचे गुण तीन. ती घेतल्यावर लगेच आपली एक सोंगटी घेऊन तिला कव्हर करावे लागते, नाहीतर ती परत मध्यभागी येते. शिवाय 22 गुण झाले की राणीचे गुण मिळतच नाहीत, गेम 25 चा. तेव्हा राणी कधी घ्यायची, कधी सोडून द्यायची आणि कधी फक्त दुसऱ्याला घेऊ द्यायची नाही, हा हिशेब आहे. गृहस्थ हिशेब जाणतो, पण राणी दिसली की त्याला राहवत नाही. कव्हर कुठे आहे हे तो राणी घेतल्यानंतर शोधू लागतो.

वर्षातून एकदा या सगळ्या सुधारणेची परीक्षा होते. गणपतीला मुंबईचे चाकरमानी कोकण रेल्वेने आणि एसटीने येऊन दाखल होतात. त्यांच्यात लालबाग-परळच्या चाळीत वाढलेला एखादा चुलतभाऊ असतो. त्याच्याकडे स्वतःचा स्ट्रायकर नसतो. आरतीनंतर तो घरातला कुठलाही, टवका उडालेला स्ट्रायकर उचलतो, दोनदा बोर्डावर घासतो आणि गप्पा मारत मारत सलग सात सोंगट्या काढतो. गृहस्थ आधी हवेचा उल्लेख करतो, नंतर दिव्याचा, मग मोदकांचा. “जेवून लगेच खेळू नये, बोट जड होते.” चुलतभाऊही तेवढेच मोदक खाऊन बसलेला असतो, बहुधा दोन जास्त. यापेक्षा वाईट प्रसंग चौथा भिडू कमी पडतो तेव्हा येतो. स्वयंपाकघरातून वहिनींना बोलावले जाते. त्या ओले हात पदराला पुसून बसतात, “मला काही येत नाही हं,” म्हणतात, राणी घेतात, कव्हर करतात आणि दूध उतू जाईल म्हणून उठून जातात. या घटनेचे विश्लेषण गृहस्थाने अद्याप केलेले नाही.

सुधारणा मोजायची कशी, हा कॅरमचा खरा दुबळेपणा. गोल्फने त्यावर तोडगा काढला आहे. 2020 पासून जगभर एकाच पद्धतीने हँडिकॅप काढला जातो आणि अगदी नवख्याला तो 54 पर्यंत मिळतो. म्हणजे सामान्य खेळाडूला चांगल्या खेळाडूशी काही फटक्यांची सवलत घेऊन सन्मानाने खेळता येते, आणि हँडिकॅप 24 वरून 22 वर आला की वर्ष सार्थकी लागले असे कागद दाखवून सांगता येते. आळीतल्या कॅरममध्ये असा कागद नाही. 25 विरुद्ध 4 म्हणजे 25 विरुद्ध 4. त्यामुळे गृहस्थाला स्वतःची मोजपट्टी करावी लागते. ‘मागच्या वेळी मी शून्यावर होतो’ हे एक मोजमाप. ‘तिसरा बोर्ड माझ्या हातात होता’ हे दुसरे. अनेक वर्षांच्या संशोधनानंतर तयार झालेले तिसरे असे: ‘मी हरलो, पण तो जिंकला नाही.’

तरीही तो अजिबात सुधारत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एखाद्या वर्षी त्याच्या मंडळात कुणी जाणता खेळाडू येतो, महिनाभर त्याचा खेळ बघतो आणि फक्त दोन गोष्टी सांगतो: फाऊल बंद कर, आणि निम्म्या जोराने मार. स्ट्रायकर बदलायला सांगत नाही, म्हणून गृहस्थाला हा सल्ला सुरुवातीला फार उथळ वाटतो. पण श्रावणात दुसरे काही करण्यासारखे नसते म्हणून तो करून पाहतो. दिवाळीपर्यंत बोर्डाला दोन-तीन ठरलेले दंड कमी होतात. हौशी पातळीवर बहुतेक बोर्ड समोरच्याच्या कौशल्याने जात नाहीत, आपल्याच चुकांनी जातात. त्या थांबल्या की माणूस न सुधारताही जिंकू लागतो. एक-दोन विजय पदरात पडतात. त्याचे श्रेय नव्या पावडरीला मिळते.

पुढे पन्नाशीनंतर दोन वाटा फुटतात. काही जण बोर्ड नातवंडांना देतात आणि स्ट्रायकर मात्र देत नाहीत. उरलेले पंचांची परीक्षा देतात. नियम त्यांना आधीपासूनच पाठ असतात, त्यामुळे चांगल्या गुणांनी पास होतात. मग जिल्हा स्पर्धेत ते पांढरा शर्ट घालून बोर्डाच्या बाजूला बसतात, फटक्याला मिळणारे 15 सेकंद घड्याळावर मोजतात, खेळाडू खुर्चीवरून उठतो का ते बघतात आणि स्ट्रायकर पॉकेटमध्ये गेला की, सारा जन्म ज्याचा अनुभव घेतला तो शब्द आता दुसऱ्यासाठी उच्चारतात: “फाऊल.” हा निर्णय ते अचूक देतात. त्यावर दाद मागायला आजवर कुणी गेलेले नाही.