आधी तोंडाला, मग ग्लासाला

मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. तेव्हाचे गृहमंत्री मोरारजीभाई देसाई यांनी त्यावर केवढी शक्ती खर्च केली! त्याऐवजी ‘कुठलंही पेय बारा मिनिटं हलवल्याशिवाय ओठांना लावू नये’ एवढं एकच कलम घातलं असतं, तर निम्मं राज्य आपसूक ताकावर आलं असतं. रामोस जिन फिझ घरी करायला लागल्यापासून माझं हे मत पक्कं झालं आहे.

हे पेय न्यू ऑर्लिन्सचं. हेन्री रामोस या बारमालकाने ते १८८८ मध्ये काढलं. जिन, लिंबाचा रस, साखर, क्रीम, अंड्याचा पांढरा भाग, संत्र्याच्या फुलांचा अर्क आणि शेवटी सोडा. इथवर ठीक. पण सोडा सोडून बाकी सगळं बर्फासकट हलवत राहायचं, आणि ते बारा मिनिटं, अशी याची ख्याती. नुसते बुडबुडे आले म्हणून थांबायचं नाही. बुडबुडे दिसेनासे होऊन दाट दुधासारखं झालं पाहिजे, असा रामोसचा आग्रह. आग्रह धरायला त्याचं काय जात होतं म्हणा! हलवायला त्याने पोरं ठेवली होती. एकाचे हात भरून आले की शेकर पुढच्याच्या हातात. १९१५ च्या मार्डी ग्रा उत्सवात अशी ३५ पोरं ओळीने राबत होती आणि तरी गिऱ्हाइकं खोळंबली होती.

रामोस स्वतः मात्र शिस्तीचा माणूस. रात्री आठला बार बंद. झिंगणाऱ्याला त्याच्याकडे थारा नव्हता. मला वाटतं, त्याला या शिस्तीची गरजच नसावी. एका प्याल्यासाठी एवढं ताटकळणारा माणूस झिंगणार कधी? पुढे अमेरिकेत दारूबंदी आली तेव्हा त्याने बार बंद केला, आणि १९२८ मध्ये वारण्यापूर्वी इतकी वर्षं जपलेली कृती जगासाठी मोकळी केली. कृती दिली, पोरं कुठून द्यायची?

आमच्या घरात पोरं नाहीत, मावशी आहे. कोकणातून चार दिवस राहायला आली की स्वयंपाकघराचा ताबा तिच्याकडे. ओट्यावर लिंबं, अंडं आणि क्रीम बघून तिने विचारलं, “केक करतोस का रे?”

“नाही गं मावशी, सरबत आहे.”

“सरबतात अंडं?” पण जिनच्या बाटलीकडे बघून तिने पुढचा प्रश्न गिळला. अंडं मात्र उचललं, पाण्यात सोडलं, ते तळाशी बसलेलं पाहिलं आणि ताजं असल्याचा निर्वाळा दिला. पांढरं कच्चंच पोटात जाणार असल्याने ही परीक्षा मला मान्यच होती.

लिंबांची वेगळीच कथा. मूळ कृतीत दोन जातींची लिंबं, पिवळं लेमन आणि हिरवं लाइम. आमच्या भाजीवालीकडे कागदी लिंबू एकच. तिला अडचण सांगितली तर तिने टोपलीतून एक पिकलेलं आणि एक कच्चं काढून दिलं. “घ्या, हे पिवळं, हे हिरवं.” वाद घालण्यासारखं काही उरलं नाही. चव उत्तम आली.

संत्र्याच्या फुलांचा अर्क मात्र बदलू नये. तो कडू संत्र्याच्या फुलांचा असतो, आपल्या नागपुरीचा नव्हे. पण आंबिया बहारात वरूड-मोर्शीच्या बागांतून ज्याने एकदा चक्कर मारली आहे, त्याला बाटलीचं झाकण उघडताच खूण पटेल. दोन-तीन थेंब पुरे. नाही मिळाला म्हणून केवडा घालणाऱ्यांचं पेय बिर्याणीच्या वाटेने जातं.

आता हलवणं. अंड्याच्या पांढऱ्यातली प्रथिनं हलवून हलवून उलगडतात आणि हवेभोवती जाळं विणतात, तोच फेस. लिंबाची आंबटाई त्याला बळ देते. स्निग्धाचं मात्र फेसाशी वैर, म्हणून पिवळ्याचा ठिपकाही चालत नाही. आणि इथे तर आपण होऊन ३० मिली क्रीम घालायचं! घाम गळतो तो इथेच. मी आधी बर्फाशिवाय हलवतो, मग बर्फ घालून. बर्फाशिवाय हलवताना झाकण घट्ट धरावं, ते उडायला टपलेलं असतं. हल्लीचे बारवाले म्हणतात, दोन-तीन मिनिटं भरपूर झाली. त्यांचं ऐकावं. बारा मिनिटं हा आकडा बहुधा जाहिरातीचाच भाग असणार.

मावशी शेजारी उभी राहून हा कवायतीचा तास बघत होती. “थांबू नकोस, लोणी येईल,” ती म्हणाली. मग जरा वेळाने, “रवी देऊ का?”

गाळून भरलेला ग्लास दोन मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून मधोमध बारीक धारेने सोडा सोडला की फेस काठाच्या वर चढतो आणि सांडत नाही. मावशीने चष्मा पुसून तो पाहिला. “दिसतंय बरं,” एवढी दाद मिळाली.

लुईझियानाचे सिनेटर ह्युई लाँग यांनी १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेलवाल्यांना ही फिझ नीट शिकवावी म्हणून न्यू ऑर्लिन्सहून बारवाला विमानाने आणवला होता. सत्ता असावी तर अशी. माझ्याकडे पाहुणे येतात, पहिला ग्लास संपवतात, मिशीवरचा फेस पुसतात आणि “अजून एक होऊन जाऊ दे” म्हणतात. मी शेकर धुऊन, त्यात सगळं घालून, झाकण घट्ट लावून त्यांच्याच हातात देतो. बहुतेकांना तेवढ्यात शेवटची लोकल आठवते.