याडी, मतदान आणि हिंदीचा रकाना

हिंगोली जिल्ह्यात सगळ्या भाषांचं स्वागत होत नाही, असं म्हणणारा माणूस प्रचाराच्या दिवसांत नक्कीच परगावी गेलेला असणार. त्या पंधरवड्यात आमचे पुढारी अचानक बहुभाषक होतात. सकाळी सेनगावकडच्या बंजारा तांड्यावर 'जय सेवालाल' करून आयाबायांना 'याडी', म्हणजे आई, म्हणतात, दुपारी कळमनुरीत उर्दू शेर भलत्याच ठिकाणी तोडून ऐकवतात आणि रात्री वसमतला मराठीसाठी प्राण द्यायला निघतात. निकाल लागला की प्राण शाबूत असतो, याडी तेवढी आठवत नाही.

सरकार त्याहून दिलदार. 2011 च्या जनगणनेत देशभरातल्या 32 लाखांहून जास्त लोकांनी मातृभाषा लमाणी-लंबाडी सांगितली, 15 लाखांवर लोकांनी बंजारी. सरकारनं ते इमानदारीनं लिहून घेतलं आणि सगळी बेरीज उचलून हिंदीत टाकली! जिनं हिंदी फक्त टीव्हीवर ऐकली, त्या तांड्यावरच्या आजीला दिल्लीनं परस्पर हिंदीभाषक करून टाकलं. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदी नको म्हणून महाराष्ट्रानं रान उठवलं आणि 29 जूनला सरकारला त्याबद्दलचे दोन्ही शासन निर्णय मागे घ्यावे लागले. छान झालं. आजीवरची हिंदी मात्र कोणी मागे घेतली नाही.

तिचा नातू पहिलीत आहे. घरात गोरमाटी, म्हणजे हीच लमाणी-बंजारी बोली; वर्गात थेट मराठी पुस्तक. पोरगं गप्प बसतं आणि शेरा येतो, 'अभ्यासात लक्ष नाही'. 2020 चं शैक्षणिक धोरण म्हणतं, शक्य असेल तिथं किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा. शक्य असेल तिथं! तिथवर तांड्याचा रस्ता अजून झालेला नसावा.

बरं, परभाषेचं आम्हाला वावडं आहे असंही नाही. आमच्या नरसीचे नामदेव महाराज पंजाबात गेले, गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत, हे आम्ही प्रत्येक भाषणात सांगतो. 2015 मध्ये तिकडे पंजाबात घुमानला मराठी साहित्य संमेलनही भरलं. आपला माणूस दुसऱ्याच्या मुलखात त्यांच्या भाषेत बोलला की तो विश्वाचा संत. आपल्या शेजारचा त्याच्या घरच्या भाषेत बोलला की 'मराठीत बोल ना नीट'.

आता 2027 ची जनगणना येते आहे. तांड्यावरच्या मंडळींनो, मातृभाषा विचारली की गोरमाटीच सांगा आणि प्रगणकानं काय नोंदवलं ते डोळ्यांनी बघून घ्या. पुढची बेरीज दिल्लीत होते. तिथं तुम्हाला कोणी विचारायला येणार नाही.