रोज साडेपाच ग्लास

शेजारच्या वहिनी कढीपत्ता तोडायला भिंतीपाशी आल्या की मी गॅस बारीक करते. झाड आमच्या अंगणात, निम्म्या फांद्या त्यांच्याकडे. दोन डहाळ्या तोडायला निदान अर्धा तास लागतो, हा इतक्या वर्षांचा अनुभव. परवा मात्र डहाळीला हात लावायच्या आधीच त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही जहाजावर गेला होतात ना? तिथे वाइनचं पॅकेज घेतलं होतंत का हो?"

मी गॅस बंदच करून आले.

झालं असं, की त्यांच्या मुलानं आई-वडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मे महिन्यात सात रात्रींची क्रूझ ठरवली आहे. बार्सिलोनाला चढायचं, मार्सेय, रोम, नेपल्स वगैरे करून पुन्हा बार्सिलोनालाच उतरायचं. तिकिटं झाली, आणि आता कंपनीची मेल येतेय दर दोन दिवसांनी: ड्रिंक्स पॅकेज आत्ताच घ्या, जहाजावर महाग पडेल. मुलगा म्हणतो घेऊन टाकू. वहिनी म्हणाल्या विचारून सांगते. आता विचारणार कुणाला? अख्ख्या गल्लीत क्रूझ करून आलेली आणि वर वाइन पिते म्हणून चारचौघांत कबूल करणारी बाई मी एकटीच. माहेर निफाडचं, वडिलांची द्राक्षबाग, खरड छाटणी आणि गोडी छाटणी यांच्या मधल्या काळात आमच्याकडची लग्नं व्हायची. पण वाइनची पहिली चव घेतली ती पंचेचाळिशीत, नवऱ्याच्या ऑफिसच्या पार्टीत, आणि माहेरी हे अजून माहीत नाही.

"आधी सांगा, भाऊ किती घेतात?" मी विचारलं.

"किती कसलं हो! शनिवारी एखादा ग्लास. आणि मला तर वासानंसुद्धा कसंतरी होतं."

"मग मोठ्या पॅकेजचं नावच काढू नका."

"अहो, पण अनलिमिटेड आहे म्हणे."

इथेच आपण फसतो. अनलिमिटेड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर थाळी येते. अडीचशेच्या थाळीत आमरसाच्या चार वाट्या रिचवल्या की आपण जिंकलो, हॉटेलवाला हरला. जहाजावरचा हॉटेलवाला तसा हरत नाही. एक तर ते पॅकेज एक-दोन दिवसांचं मिळत नाही, सगळ्या रात्रींचं घ्यावं लागतं. दुसरं म्हणजे बहुतेक कंपन्यांत एका केबिनमधल्या एकानं दारूचं पॅकेज घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावंच लागतं, नाहीतर नवऱ्याच्या कार्डावर बायको प्यायली असती ना फुकट! म्हणजे भाऊंच्या शनिवारच्या ग्लासासाठी वहिनींच्या लिंबूपाण्यालाही दारूचा भाव. आणि अमर्यादला मर्यादा असतेच. कार्निव्हल कंपनीच्या पॅकेजमध्ये 24 तासांत दारूचे 15 ग्लास, सोळावा नाही. त्यातही एका ठरावीक किमतीपर्यंतचाच ग्लास पॅकेजमध्ये बसतो, त्याहून भारी मागितला की वरचे पैसे द्या. आणि बाटली मागितली तर ती बहुधा पॅकेजमध्ये नसतेच.

वहिनींना पटेना. "पण सुटे सुटे घेतले तर जास्त नाही का होत?"

तीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईला असा प्रश्न विचारू नये. मी आतून विजेचं बिल आणि पेन घेऊन आले आणि बिलाच्या पाठीवर भिंतीवरच मांडणी केली. आमच्या वेळचे आकडे मला पाठ आहेत. अमर्याद पॅकेज माणशी रोजचे 65 डॉलर. त्यावर 18 टक्के सेवाशुल्क, जे मेलमध्ये बारीक अक्षरात असतं आणि बिलात ठळक. झाले 76 डॉलर 70 सेंट. सात रात्रींचे, दोघांचे मिळून 1,073 डॉलर आणि वर चिल्लर. रुपयांत नव्वद हजारांच्या पुढे. वहिनींनी कढीपत्त्याची डहाळी भिंतीवर ठेवली.

"आता सुटा ग्लास बघा. 12 डॉलर, त्यावर तेच 18 टक्के, म्हणजे 14 डॉलर 16 सेंट. 76.70 ला 14.16 नं भागा."

"तुम्हीच भागा."

"साडेपाच ग्लास जवळजवळ. वाइनच्या बाटलीत 750 मिली. एक ग्लास दीडशेचा, म्हणजे पाच ग्लासांत बाटली रिकामी. पैसे वसूल व्हायला भाऊंनी रोज अख्खी बाटली आणि वर अर्धा ग्लास प्यायचा. आणि तुम्हीही तेवढंच."

वहिनी एवढ्या हसल्या, की पलीकडून भाऊंनी "काय झालं?" म्हणून विचारलं. "काही नाही, कढीपत्ता तोडतेय," असं उत्तर गेलं.

पण हसण्यावारी नेऊ नका. रोज साडेपाच ग्लास पिऊन वसुली करणारा माणूस मी या डोळ्यांनी पाहिला आहे. आमच्या जेवणाच्या टेबलावर ठाण्याचं एक जोडपं होतं. नाव सांगत नाही, सांगूही नये. गृहस्थ तसे सज्जन, पण पॅकेज घेतल्यापासून त्यांच्या हातात कायम ग्लास आणि मनात कायम हिशेब. पहिल्या दिवशी तीनच झाले म्हणून दुसऱ्या दिवशी आठ. आमचीही फेरी हीच होती, आणि या फेरीत जहाज जवळजवळ रोज कुठल्या ना कुठल्या बंदराला लागतं. सकाळी आठला उतरायचं, संध्याकाळी पाच-सहाला परत यायचं. समुद्रात अख्खा दिवस मिळतो तो एकच. मग प्यायचं कधी? त्यांनी रात्री प्यायचं ठरवलं. चिविताव्हेक्किया म्हणजे रोमचं बंदर, तिथून रोम आगगाडीनं तासाभरावर. आम्ही सकाळी निघालो तेव्हा त्यांची बायको एकटीच खाली आली, तोंड एवढंसं करून. म्हणाली, "यांना ॲसिडिटी झालीय, तुम्ही व्हा पुढे." संध्याकाळी आम्ही कोलोसियमचे फोटो दाखवत होतो आणि गृहस्थ सोड्याचा ग्लास घेऊन बसले होते. तो सोडा मात्र पॅकेजमध्ये होता.

"मग तुम्ही काय घेतलंत?" वहिनींनी नेमका दुखरा प्रश्न विचारला.

आम्ही घेतलं बाटल्यांचं पॅकेज. हा प्रकार वेगळा असतो. तीन, पाच, सात अशा बाटल्यांचे आधीच एकरकमी पैसे भरायचे, आणि सातही रात्री जेवताना त्यातली बाटली मागवायची. त्या रात्री संपली नाही तर बूच लावून ठेवून देतात. आम्हाला वाइन वाढणारा मुलगा मडगावचा निघाला. गोव्यातल्या किती घरांत तारवटी, म्हणजे जहाजावर कामाला असलेला माणूस, असतो ते माहीतच आहे, पण भूमध्य समुद्रात "काकी, सुशेगाद बसा" ऐकलं तेव्हा मला भरूनच आलं. त्यानं बाटलीच्या गळ्यात दोऱ्यानं कार्ड अडकवलं आणि त्यावर आमच्या केबिनचा नंबर लिहिला. आमचे हे बघत होते. त्या मुलाची पाठ वळली तशी यांनी खिशातून बॉलपेन काढलं आणि लेबलवर, वाइन जिथवर होती तिथे, बारीकशी रेघ मारली. अहो, घरी तेलाच्या बरणीवर माझी सासू मारायची तश्शी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जहाजावर दोन-तीन हजार माणसं, कोण कुणाची वाइन पितंय?

दुसऱ्या दिवशी आम्ही वरच्या मजल्यावरच्या वेगळ्याच हॉटेलात जेवायला बसलो. केबिनचा नंबर सांगितला, पाच मिनिटांत तीच बाटली टेबलावर. वाइन रेघेला रेघ. यांनी समाधानानं मान डोलावली. बाटली ओतता ओतता मडगावकर म्हणाला, "काका, रेघ बरोबर आहे ना?"

ही सोय मला मनापासून आवडली. दोघांनी जेवताना एकेक ग्लास घ्यायचा, हा ज्यांचा पिंड आहे त्यांच्यासाठीच ती केलेली आहे. एक बाटली अडीच संध्याकाळी पुरते. उघडलेली रेड तिसऱ्या दिवशी थोडी उतरते, पण आंबत नाही. आणि एक युक्ती त्या मुलानंच सांगितली. पॅकेजच्या यादीत पंधरा-वीस नावं असतात, मेनूवर त्यांच्या किमती वेगवेगळ्या असतात, पण पॅकेजमध्ये सगळ्या बाटल्या सारख्याच मोजल्या जातात. तेव्हा यादी आणि मेनू शेजारी शेजारी धरायचे आणि मेनूवर जी महाग, तीच मागायची. आम्ही स्पेनची रियोहा आणि इटलीची कियांती अशीच पटकावली.

"म्हणजे बाटल्यांचं पॅकेज परवडलं?"

नाही. इथेच आमचं चुकलं, आणि चूक माझी, हे वाक्य मी घरात फारसं उच्चारत नाही. तीन बाटल्यांचं पॅकेज 115 डॉलरला होतं, पाचांचं 180 ला. बाटलीमागे स्वस्त पडतं म्हणून मी पाचांचं घेतलं. 18 टक्के धरून 212 डॉलर 40. सात रात्री, दोन माणसं, रोज एकेक ग्लास, म्हणजे 14 ग्लास. तीन बाटल्यांत 15 होतात. हे गणित चौथीतल्या नातवानं केलं असतं, बँकेतल्या बाईनं केलं नाही, कारण समोर "20 टक्के बचत" लिहिलं होतं. शिवाय नेपल्सला आम्ही बंदराजवळच्या एका साध्या खाणावळीत पिझ्झा खाल्ला. तिथे पाव लिटर वाइनचा मातीचा जग चार युरोला आला, आणि खरं सांगते, त्या सात दिवसांत प्यालेली सगळ्यात चवदार वाइन तीच. तिला ना नाव होतं ना लेबल. त्या रात्री जहाजावर आम्ही नुसतं सूप घेतलं.

शेवटी तीन बाटल्या संपल्या, दोन उरल्या. म्हणजे प्यालेली प्रत्येक बाटली 70 डॉलर 80 ला पडली. मेनूवर तीच सुटी 45 ची होती, शुल्कासकट 53. यांचं म्हणणं, उरलेल्या दोन धरायच्या. शेवटच्या रात्री त्या केबिनमध्ये आणून दिल्या, आपल्या कस्टमला माणशी 2 लिटर चालतात, आणल्या सुटकेसमध्ये शालीत गुंडाळून. पण वहिनी, नाशिकला वाइन बाहेरून आणायची! सुला वायनरी इथे गंगापूर धरणाजवळ 1999 पासून आहे, आणि मी इटलीची बाटली शालीत गुंडाळून आणते. ओझरच्या भावाला कळलं तर पुढच्या भाऊबीजेला ओवाळणीत बेदाणेच घालील.

"मग आम्ही करायचं काय?" वहिनींनी बिल उलटंसुलटं केलं. "हे एकटेच घेणार, तेही एकच ग्लास."

तुमच्यासाठी एकही पॅकेज नाही. भाऊंनी सातही रात्री सुटा ग्लास घेतला तरी 99 डॉलर होतात, तीन बाटल्यांच्या पॅकेजपेक्षाही 36 कमी. आणि त्याहून स्वस्त हवं असेल तर बार्सिलोनालाच सोय करा. बऱ्याच कंपन्या चढताना माणशी 750 मिलीची एक बाटली बरोबर नेऊ देतात. माणशी म्हणजे पिणाऱ्यामागे नव्हे, तुमचीही एक मोजतात. तिथल्या किराणा दुकानात पाच-सहा युरोला उत्तम मिळते. पर्समध्ये नाही, हातातल्या बॅगेत उभी ठेवा. जेवणाच्या हॉलमध्ये उघडून घेतली तर 15-20 डॉलर बूचशुल्क घेतात, केबिनच्या बाल्कनीत बसून प्यायली तर बहुधा काही नाही. मात्र मधल्या बंदरांवर घेतलेली बाटली जहाजावर चढताना काढून घेतात आणि शेवटच्या रात्री परत देतात, त्या मोहात पडू नका. आणि जायच्या आधी आपल्या कंपनीचा नियम मुलाकडून वाचून घ्या, दरवर्षी बदलतात मेले.

वहिनी गप्प. त्या गप्प बसल्या की काहीतरी असतं. डहाळीची पानं खुडत म्हणाल्या, "ताई, खरं सांगू? मुलानं ते मोठं पॅकेज परवाच घेऊन टाकलंय. दोघांचं. सरप्राइज म्हणून. सुनेनं हळूच सांगितलं."

"म्हणजे मगाचे नव्वद हजार..."

"हो."

मी विजेचं बिल भिंतीपलीकडे त्यांच्या हातात दिलं. जहाज सुटायच्या आधी रद्द करता येतं, बहुतेक ठिकाणी काही दिवस आधीपर्यंत पूर्ण पैसे परत मिळतात. मे अजून लांब आहे. आज रात्रीच फोन लावा आणि त्याला एवढंच विचारा, "बाबा रोज साडेपाच ग्लास प्यायलेले तुला चालतील का?" आणि रविवारी संध्याकाळी भाऊंना घेऊन या. इटलीची एक बाटली अजून कपाटात आहे. ग्लास तुमच्याकडचे आणा, आमचे दोन मोलकरणीच्या हातून फुटले.