आजींना उठवणार कोण?

वॉर्डात पेशंट घसरून पडला की चौकशी लागते. सिस्टरला लेखी खुलासा द्यावा लागतो. तोच पेशंट दहा दिवस खाटेवरून हललाच नाही आणि घरी जाताना त्याला संडासापर्यंतही चालता येईना, तर कुणालाच काही विचारलं जात नाही. मग सिस्टर आपली म्हणते, "आजी, एकटं उठायचं नाही हं, काही लागलं तर सांगा." ती काळजीपोटीच म्हणते. आजी ऐकतात आणि पाय गमावतात.

हे किती झपाट्याने होतं, ते मोजून झालेलं आहे. 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात २००७ साली एक अभ्यास आला. धडधाकट ज्येष्ठांना १० दिवस नुसतं खाटेवर ठेवलं, तर पायांतले जवळपास एक किलो स्नायू गेले. त्यांना ताप नव्हता, जखम नव्हती, जेवणही नीट होतं. अमेरिकेतल्याच २००९ च्या दुसऱ्या अभ्यासात इस्पितळातल्या वृद्ध माजी सैनिकांना हालचाल टिपणारी यंत्रं लावली. बहुतेकांना आधाराशिवाय थोडं चालता येत होतं. तरी ८३ टक्के वेळ ते आडवे होते! यात नवं काही नाही. खाट धरून राहण्याचे धोके रिचर्ड अ‍ॅशर या ब्रिटिश डॉक्टरने १९४७ सालीच लिहून ठेवले होते.

डॉक्टर राउंडला येतात, "आता चालवा" म्हणतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. फिजिओ आला तर दिवसातून एकदा. उरलेला सगळा वेळ कोण चालवणार? आपल्याकडे उत्तर ठरलेलं: नातेवाईक. मुलगी काखेत हात घालून आईला ओढते. आईला पक्षाघात असेल तर त्या ओढण्याने दुबळा खांदा जायबंदी होतो, आणि मुलीची कंबर धरते ती वेगळीच.

माणसाला उठवणं हे कौशल्य आहे. आधी खाटेची चाकं लॉक करायची, खाट खाली घ्यायची. सलाईनची आणि लघवीची नळी कुठे अडकत नाही ना, ते बघायचं. कुशीवर वळवून, पाय खाली सोडून बसवायचं आणि थांबायचं. चक्कर येते का, बीपी उतरतं का ते पाहायचं. पक्षाघात असेल तर खुर्ची चांगल्या बाजूला मांडायची. कमरेला पट्टा बांधून पट्टाच धरायचा, दंड नाही. चालवताना दुबळ्या बाजूला, किंचित मागे राहायचं. आणि तोल गेलाच तर हिसका देऊन वर ओढायचं नाही. आपल्या अंगाच्या आधाराने त्याला सावकाश जमिनीवर उतरवायचं. हे शेवटचं ज्या सिस्टरला जमतं, तिला पेशंट उठवायची भीती उरत नाही.

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात हा धडा आहे. पण डमीवर किंवा वर्गातल्या ठणठणीत मैत्रिणीवर केलेला सराव ऐंशी वर्षांच्या, नळ्या लावलेल्या, घाबरलेल्या माणसापुढे पुरत नाही. तो वॉर्डातच, दरवर्षी, फिजिओने शेजारी उभं राहून करून घ्यायला हवा. आणि चालणं औषधासारखं चार्टवर चढायला हवं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने त्यासाठी आठ पायऱ्या केल्या: पहिली म्हणजे नुसतं पडून राहणं, पाचवी एक मिनिट उभं राहणं, आठवी २५० फूट किंवा जास्त चालणं. रोज पेशंट कितव्या पायरीवर आहे, ते नर्स नोंदवते. अशा नोंदीला आपल्याकडे कोणतं यंत्र आणावं लागणार आहे? एक छापील कागद पुरेल.

"सिस्टरला वेळ कुठाय?" हा आक्षेप खरा आहे. सर्वसाधारण वॉर्डात ६ खाटांमागे १ परिचारिका, असा सरकारी निकष आहे. रात्रपाळीला कुठल्याही सरकारी रुग्णालयात जाऊन खाटा मोजा. रिक्त जागा तशाच ठेवून नुसतं प्रशिक्षण देणं म्हणजे त्याच दोन हातांवर आणखी एक काम टाकणं. जागा भरा, मग शिकवा.

आणि शिकवताना मावशी-मामांना वगळू नका. बेडपॅन द्यायला, स्ट्रेचरवर घ्यायला, एक्स-रेला न्यायला पेशंटला प्रत्यक्ष उचलतात ते तेच. बरेच जण कंत्राटी, म्हणून प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचं नाव नसतं. त्यांची नावं सिस्टरच्या बरोबरीने घाला आणि कमरेचा पट्टा त्यांच्याही हातात द्या.